झेलणाऱ्यांचं मत

२ मार्च

चि. चिमी हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर दिलं नाही याचं कारण आळस नव्हे, पदभार. हसू नकोस. घरातला पंखा कुठल्या बटणावर लागतो हे ज्याला अजून विचारावं लागतं, तो तुझा भाऊ सध्या लॉन्ड्रीच्या युनियनचा मतदान-चिटणीस आहे. निवडून आलो म्हणशील तर तसं काही नाही. कायद्याचं पुस्तक कोण वाचणार असं सभेत विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझा चष्मा कपाळावर होता, तो शोधायला मी नेमकी मान वर केली. झालं.

प्रकरण असं आहे. तुमच्या हॉस्पिटलच्या चादरी धुऊन पिळून झाल्या की आमच्या इस्त्रीच्या मोठ्या रोलरांमधून जातात. अलीकडून त्या आत घालतात, पलीकडे प्रत्येक रोलरवर चार बायका झेलतात. दोघी घडी घालत असतात तेव्हा पुढची चादर उरलेल्या दोघी धरतात. तुझी वहिनी त्या झेलणाऱ्यांतली. आता साहेबांच्या डोक्यात आलंय की झेलायला दोघी पुष्कळ झाल्या, येत्या एक तारखेपासून तसंच करायचं. म्हणजे अर्धी घडी टाकून रोलरच्या तोंडाशी धावायचं आणि हात भाजायच्या आत चादर ओढायची. रोलरला काही हात आणि चादर यांतला फरक कळत नाही.

सभेत आमच्या बॉयलरवाल्याचं म्हणणं पडलं की उद्यापासूनच संप. मी हात वर केला आणि पुस्तकात वाचलं होतं तेवढं सगळं ओकलो. संप म्हणजे ताटावरून उठून जाणं नव्हे, म्हटलं. आम्ही मत घेणार आहोत हे आधी कंपनीला कळवायचं. मग सभासदांच्या घरी पोस्टाने मतपत्रिका पाठवायच्या. कारखान्यात हात वर करून चालत नाही, कारण वर केलेला हात साहेबालाही दिसतो. प्रश्न असा हवा की उत्तर हो किंवा नाही एवढंच यावं. निम्म्याहून जास्त लोकांनी मत दिलं पाहिजे. मोजणी बाहेरच्या माणसाने करायची. त्यासाठी आम्ही शाळेतून निवृत्त झालेल्या एक मास्तरीणबाई धरल्या आहेत. आणि निकाल लागला की कंपनीला पुन्हा नोटीस, मग संप. एवढ्या पायऱ्या चढेपर्यंत रागाला धाप लागते. कायदा लिहिणाऱ्याचा तोच डाव असावा.

पाकिटांवरचे पत्ते मी स्वतः लिहिले, ठसठशीत अक्षरात. जिथे एका घरातली दोन-तीन माणसं आपल्याच लॉन्ड्रीत आहेत, तिथे कर्त्या माणसाचं नाव आणि खाली ‘व घरातील सर्व मंडळी’. पत्र घराला लिहायचं असतं, एकट्याला लिहिलं तर बाकीच्यांना परकं वाटतं, हे आईचं वळण. युनियनच्या ऑफिसात अक्षराचं फार कौतुक झालं. मजकूर कुणी पाहिला नाही.

आमचं पाकीट परवा आलं. मी जेवणाच्या टेबलावर बसून प्रश्न मोठ्याने वाचला, तोही दोनदा, आणि ‘हो’वर अशी खूण केली की खालचा टेबलक्लॉथसुद्धा संपावर जायला तयार झाला. तुझी वहिनी शेंगा निवडत होती. पाकिटात आणखी काही आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आणखी काय असणार, साखर? ती आत निघून गेली. रात्री भाजीत मीठ नव्हतं. वय होत चाललंय बिचारीचं.

कळावे. लोभ आहेच. पदाचा मान राखून थोडा वाढवलास तरी मी नको म्हणणार नाही.

तुझा,
दादा (म. चि.)


७ मार्च

चि. चिमीस वहिनीचे आशीर्वाद. वि. वि.

ह्यांचं पत्र पोचलं असेलच. त्यांनी स्वतःचं कौतुक लिहिलंय की स्वतःची टवाळी, ते ठाऊक नाही. दोन्ही एकाच दमात करतात.

एक सांगते. मतपत्रिका आली ती ह्यांच्या नावाने, एकच. ‘घरातील सर्व मंडळी’ म्हणजे मी आणि मांजर. मी युनियनची सभासद आहे, वर्गणी माझी वेगळी जाते. तरी ह्यांनी माझ्यासमोर खूण केली, पाकीट चाटून बंद केलं आणि वर माझ्याकडे असं पाहिलं की मी टाळ्या वाजवीन.

मला वाटलं आमच्याच घरी असं झालं. दुसऱ्या दिवशी रोलरवर विषय निघाला. त्या दोघी जावा आहेत ना, माझ्या शेजारी झेलतात त्या? त्यांच्या घरीही एकच पाकीट, थोरलीच्या नवऱ्याच्या नावाने. बॉयलरवाल्याच्या बायकोचं तेच. आमच्यातल्या बहुतेकींचे नवरे लॉन्ड्रीतच कामाला, म्हणून बहुतेकींना काही मिळालंच नाही. एकटी राहते तिला तेवढं मिळालं. थोरली जाऊ म्हणाली, कायदाच तसा असेल, लिहिणारे कुणाचे तरी नवरेच असणार.

ह्यांना का विचारलं नाहीस, असं तू म्हणशील. विचारलं असतं तर ह्यांनी लगेच कपाळाला हात लावून माफी मागितली असती, आणि तेवढ्यावर मला गप्प बसावं लागलं असतं. मला थोडे दिवस नीट रागवायचं होतं. पण तू सांग, नणंद म्हणून नको, माणूस म्हणून सांग. हात आमचे जाणार आणि विचारलं कुणाला, तर नवऱ्यांना. हे कुठलं आलं शहाणपण?

तुझी कंबर कशी आहे? वॉर्डात वाकून पेशंट उचलू नकोस, दुसरीला हाक मार.

लोभ ठेव. ह्यांना यातलं काही लिहू नकोस. किंवा लिहीच.

तुझी,
वहिनी


१६ मार्च

चि. चिमी हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

निकाल लागला! मास्तरीणबाईंनी दोनदा मोजलं, मध्ये एकदा मला बोलू नका म्हणून दटावलं, आणि जाहीर केलं की हो म्हणणारे कितीतरी जास्त. बॉयलरवाल्याने मला खांद्यावर घेतलं. लगेच खाली ठेवलं, त्याच्या पाठीत काहीतरी वाजलं. पण क्षणभर मी उंच होतो, हे खरं.

संपाची नोटीस कंपनीला गेली. महिना संपायच्या आत संप, म्हणजे एक तारखेचं संकट गेटवरच अडवायचं. नोटीस मी स्वतः नेऊन दिली. साहेबांनी ती वाचली आणि मला बसायलाही सांगितलं नाही. याला वचक म्हणतात, असं मी घरी सांगितलं.

तुझी वहिनी हल्ली मला ‘अहो चिटणीस’ अशी हाक मारते. आधी गंमत वाटली. पण चिटणीस, दूध उतू जातंय, हे ज्या आवाजात येतं त्यात फारसा आदर ऐकू येत नाही. एवढ्या विजयाने माणूस भांबावतं, तसं झालं असेल. तुला काही लिहिलंय का तिने?

लोभ आहे तसाच ठेव, सध्या मला लोकप्रियतेची सवय होते आहे.

तुझा,
दादा


१९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

अभिनंदन. उंचावरून खाली आला असशील तर पुढचं वाच. आला नसशील तर आधी खाली ये.

दादा, वहिनीचं मत कुठल्या पाकिटात होतं? माझ्या वॉर्डात एका खोलीत दोन पेशंट असतात. आडनावही एकच असतं कधीकधी. म्हणून दोघांच्या गोळ्या मी एकाच्याच तोंडात कोंबल्या आणि वर ‘व खोलीतील सर्व मंडळी’ असं म्हटलं, तर तू मला काय म्हणशील? तू तेच केलंस. रोलरवर झेलणाऱ्या बहुतेकींना मतपत्रिका मिळालेलीच नाही. ज्यांच्या हातांसाठी हा सगळा खटाटोप, त्या सोडून बाकी सगळ्यांना तू विचारलंस.

मला कायदा कळत नाही. पण तुझ्या त्या पुस्तकात याबद्दल काहीतरी असणारच, शोध. आमच्याकडचा वॉर्डबॉय पूर्वी एका गोदामात होता. तिथे मतदानात अशीच काहीतरी गडबड झाली आणि मालक कोर्टात गेला. जे संपावर उतरले होते त्यांना कायद्याचं छत्र राहिलं नाही, नोकऱ्या गेल्या. ते ऐकून मला रात्री तुझी आणि वहिनीची दोघांचीही काळजी वाटली. तिची जास्त.

हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. विचारलंस तरी तुला कळेलच, भाजीत मीठ कोण घालतं तुमच्याकडे?

रागावू नकोस. रागावायचा नंबर तुझा नाही.

माझ्यावरचा लोभ निकालाआधी होता तेवढा तरी असू दे.

तुझी,
चिमी


२७ मार्च

चि. चिमी हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि खुर्चीवर मटकन बसलो. खुर्ची तिथे नव्हती. तुझी वहिनी उठवायला आली, माझ्या हातातलं पत्र पाहिलं, आणि मला तिथेच ठेवून चहा करायला गेली.

पुस्तक काढलं. मत द्यायचा हक्क ज्याला ज्याला आहे त्या प्रत्येकाला मतपत्रिका मिळालीच पाहिजे, असं स्वच्छ लिहिलंय. त्या ओळीखाली लाल रेघ आहे. रेघेशेजारी ‘अत्यंत महत्त्वाचे’ असं लिहिलंय. अक्षर माझं, ठसठशीत. चिमे, मी जन्मभर लॉन्ड्रीत डाग काढायच्या टेबलाशी उभा राहिलो, आणि सगळ्या युनियनवर पडला तो डाग माझाच.

बॉयलरवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, गप्प बस. कंपनीच्या अजून ध्यानात आलेलं नाही. पुन्हा मत घ्यायचं तर नोटीस मागे घ्यावी लागणार, मधे एक तारीख उलटणार, आणि बायका दोघी-दोघी रोलरवर उभ्या राहणार. तुझ्या खरेपणापायी त्यांचे हात भाजायचे का? खोटं कशाला लिहू, एक कप चहा संपेपर्यंत मला ते पटलं होतं. मग मनात आलं की गेटवर पहिल्या उभ्या राहणाऱ्या त्याच. कंपनीचा वकील एक दिवस कागद मागणारच. नोकरी जाईल तेव्हा ती त्यांची.

तरी स्वतःच्या जिवावर ठरवेना. वहिनीला विचारलं, काय करू? ती म्हणाली, पुन्हा तेच! मी म्हणजे सगळ्या झेलणाऱ्या नव्हे, त्यांना विचारा.

सभा बोलावली. उभा राहिलो, सांगितलं. शिव्या मिळतील म्हणून मनाची तयारी केली होती. बायका हसल्या. शिव्या परवडल्या असत्या. थोरल्या जावेने विचारलं की कामावरून काढल्याची चिठ्ठी येते तीही घराला एकच येते का, म्हणजे एकाला काढलं की बाकीच्यांनी मिळून घरी बसायचं? बॉयलरवाला खो खो हसत होता. तेवढ्यात त्याची बायको उठली आणि माझ्या वाटची खूण तुम्ही कुठे केलीत ते जरा सांगा, म्हणाली. तो एकदम थंड. त्याचं बॉयलरसुद्धा इतक्या लवकर निवत नाही.

हात वर करायला सांगितलं तेव्हा पुन्हा मत घ्यायचं ठरलं, झेलणाऱ्या एकजात त्या बाजूच्या. त्यांना ठाऊक होतं की मधले दिवस दोघींनीच काढायचे आहेत. मी राजीनामा काढला. थोरली जाऊ म्हणाली, तो खिशात ठेवा. सांडलं त्याने पुसावं. फक्त या वेळी पाकिटं बंद व्हायच्या आधी तुमची बायको बघेल.

नोटीस मागे घेतली. साहेबांनी या वेळी मला बसायला सांगितलं, चहाही विचारला. चिमे, तो चहा मी तसाच ठेवून आलो. पाच दिवसांवर एक तारीख. मधल्या दिवसांत कुणाला काही झालं तर ते माझ्या हातून झालं असं मी धरणार आहे, आणि याच्यावर मला काही विनोद सुचत नाही.

लोभ कमी केलास तरी तक्रार नाही.

तुझा,
दादा


२४ एप्रिल

चि. चिमी हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण चांगली बातमी आल्याशिवाय पेन उचलायचं नाही असं ठरवलं होतं. आधी वाईट सांगून टाकतो. दोघींची पाळी सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात धाकट्या जावेची बाही रोलरमध्ये गेली. तुझी वहिनी समोर होती. तिने हातातली घडी टाकली आणि थांबवायची दोरी ओढली. बाही कोपरापर्यंत फाटून आत गेली, हात बाहेर राहिला. लाल झाला, पण राहिला. मी धावत गेलो तोवर त्या दोघी जमिनीवर बसल्या होत्या.

त्यानंतर पाकिटं लिहिली. प्रत्येकीचं वेगळं. वहिनीने एकेक हातात घेऊन पाहिलं. एका घरात पाच पाकिटं गेली, पोस्टमनने विचारलं म्हणे की लग्न आहे का. आमच्याकडे दोन आली. तुझी वहिनी तिचं घेऊन बाथरूममध्ये गेली आणि कडी लावली. मी बाहेर उभा राहून खोकलो. गुप्त मतदानाच्या आसपास खोकू नये असं पुस्तकात कुठेही नाही, मी पाहिलं. ती बाहेर आली, पाकीट आतूनच डिंक लावून आणलं होतं, चपला घातल्या आणि स्वतः पोस्टात टाकून आली.

निकाल: बहुतेक सगळ्यांनी मत दिलं, आणि ‘हो’चं पारडं आधीहून जड. नोटीस, मग संप. गेटवर पहिली तुझी वहिनी, मागे दोघी जावा, मग बाकीचे. मी सगळ्यात मागे फलक धरून. फलक उलटा होता हे मला जेवायच्या सुट्टीत कळलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. युनियनतर्फे मी आणि थोरली जाऊ. साहेब म्हणाले, दोघींच्या तिघी करू. मला ते सभ्यपणाचं वाटलं आणि माझी मान हलायला लागली. तेवढ्यात टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ बसली. थोरली जाऊ शांतपणे म्हणाली, चादरीला कोपरे किती असतात ते एकदा मोजा. प्रत्येक रोलरवर चौघी, लेखी, सहीशिक्क्यासह. नडगी अजून निळी आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो.

तुझ्या वॉर्डात चादरी कमी पडल्या असतील. पेशंटांना माझ्या वतीने माफी माग, पण कारण नीट सांग.

आणि एक. वहिनीने मत काय दिलं ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण नवऱ्याला चेहऱ्यावरून कळतं गं. आमच्या घरातून दोन हो गेले, असं मी बॉयलरवाल्याला छाती काढून सांगितलं.

लोभाची आता पुन्हा मागणी करतो, मिळेल तेवढा पाठव.

तुझा,
दादा


२९ एप्रिल

चि. चिमीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे फक्त तुला. मी ‘नाही’वर खूण केली.

धाकटीची बाही गेली तेव्हा दोरी मी ओढली होती. अजून झोपेत हात ओढला जातो. कुणीही म्हणेल की हिचा हो ठरलेलाच. मलाही तसंच वाटत होतं. बाथरूममध्ये उभी राहून पेन टेकवलं, आणि बाहेर हे खोकले. तो खोकला ऐकला आणि माझं काहीतरी झालं. एकदा चुकलेत, साहेबाच्या डोळ्यांवर आलेत. संप फसला तर पहिलं ह्यांनाच काढणार. या वयात ह्यांना कोण उभं करतंय? डाग काढण्याशिवाय दुसरं काय येतं ह्यांना, आणि पंखा लावण्याइतकंही येत नाही. रोलर दिसला की माझा मीच हात मागे घेते. ह्यांना कोण मागे घेणार? मग ‘नाही’वर खूण केली, नीट, दोनदा गिरवून.

बाहेर आले तेव्हा हे इतके साळसूद चेहऱ्याने खिडकी पुसत होते की मला तिथेच हसू आलं असतं. खोकले पुष्कळ, पण विचारलं एकदाही नाही. आजतागायत नाही. त्यासाठी मी त्यांना सगळी पाकिटं माफ केली.

निकाल आला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मला विचारलं, मी सांगितलं, बाकीच्यांनी वेगळं सांगितलं, ते जास्त होते. मग घरी बसून राहायचं कशाला? गेटवर उभी राहिले ती मनापासून. उन्हाने पाय पोळत होते, तरी साहेबाची गाडी आली तेव्हा एक पाऊलही बाजूला झाले नाही. गाडीच वळून मागच्या दाराने गेली.

सोमवारपासून रोलरवर आम्ही चौघी. धाकटी पहिल्यांदा मागे मागे उभी राहत होती. मी तिला म्हटलं, माझ्या डाव्या बाजूला ये, दोरी तिकडे आहे. आली. दुपारपर्यंत नेहमीसारखी तिच्या सासूची नक्कल करायला लागली.

हे सगळीकडे दोन ‘हो’चं सांगत फिरतात. बॉयलरवाल्याला सांगितलं, मास्तरीणबाईंना सांगितलं, काल दूधवाल्याला सांगत होते. तू पुढच्या महिन्यात येशील तेव्हा तुलाही सांगतील, तेही नडगी दाखवत. तेव्हा पानातच बघत जेव, माझ्याकडे बघू नकोस. तू बघितलंस की मला हसू आवरणार नाही, आणि इतका आनंदात असलेला माणूस मला पुन्हा कधी मिळायचा?

माझ्यावर लोभ आहे तो असाच राहो. ह्यांच्यावर थोडा जास्त ठेव, त्यांना लागतो.

तुझी,
वहिनी